‘टाइल’ म्हणजे कौल की फरशी? विंडो मांडण्याचे मराठी शब्द

तासगावहून :
संगणक वर्गातल्या नवशिक्या मुलांसाठी मराठीत टिपण करतोय. विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोवाले प्रोग्राम बनवायची मायक्रोसॉफ्टची सोय; तिथे विंडोलाच फॉर्म म्हणतात) एका मोठ्या फॉर्मच्या पोटात छोटे फॉर्म उघडायचे आणि मेनूतून ते नीट लावायचे, असा सराव आहे. मेनूत तीन आज्ञा : कॅस्केड, टाइल हॉरिझॉन्टल, टाइल व्हर्टिकल. कोशातून धबधबा आणि कौल असे शब्द घेतले. चालतील का?

मिरजेहून :
कौल नको. कौलं एकावर एक चढवूनच बसवतात, नाहीतर घर गळतं. इथे एकही विंडो दुसरीवर चढत नाही, कडेला कड भिडते. म्हणजे ही फरशी झाली, शहाबादी बसवतात तशी. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये नुसती फरशीच होती. विंडो एकमेकींवर चढवायची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली.

तासगावहून :
मग कॅस्केडला कौल म्हणू? तिथे तर चढतातच.

वाईहून :
तिथेही बसत नाही. कौलाचं डोकं वरच्या ओळीखाली झाकलं जातं आणि खालची कड उघडी राहते. कॅस्केडमध्ये नेमकं डोकंच, म्हणजे नावाची पट्टी, उघडं राहायला हवं. त्या पट्टीवर क्लिक करूनच मागची विंडो पुढे आणायची असते. प्रत्येक विंडो आधीच्या विंडोपेक्षा जरा उजवीकडे, जरा खाली. आमच्या कृष्णेच्या घाटावर वर उभं राहून खाली पाहा, प्रत्येक पायरीची एक पट्टी दिसते. ‘पायरी मांडणी’ म्हणा. धबधब्यातून मुलाला काहीच दिसणार नाही.

सांगलीहून :
पायरी पटलं. पण खरा घोळ पुढच्या दोन शब्दांत आहे. टाइल हॉरिझॉन्टलला ‘आडवी मांडणी’ लिहिलंत, तर मुलं विंडो आडव्या ओळीत, शेजारी शेजारी येतील असं धरून चालतात. येतात मात्र एकाखाली एक, कारण आडवेपणा प्रत्येक विंडोचा असतो, रांगेचा नाही. मूळ इंग्रजी नावांतही हाच गोंधळ होता. टास्कबारच्या मेनूत विंडोज एक्सपीपर्यंत तीच नावं होती, व्हिस्टापासून ती बदलून ‘स्टॅक्ड’ आणि ‘साइड बाय साइड’ अशी केली. म्हणून मराठीत सरळ ‘एकाखाली एक’ आणि ‘शेजारी शेजारी’ लिहा. ‘स्टॅक्ड’साठी थप्पी मात्र वापरू नका. हळदीच्या पोत्यांची थप्पी म्हटली की वरचं पोतं दिसतं, खालची दबलेली. थप्पी हा शब्द सगळ्या विंडो मोठ्या करून एकीवर एक ठेवल्यात, त्या अवस्थेला शोभतो.

मिरजेहून :
टिपणात कृतीही नेमकी द्या. एमडीआय म्हणजे एका विंडोच्या पोटात अनेक विंडो. मोठ्या फॉर्मचा ‘इज एमडीआय कंटेनर’ हा गुणधर्म ट्रू करायचा. छोट्या फॉर्मच्या ‘एमडीआय पेरेंट’ या गुणधर्मात मोठा फॉर्म द्यायचा आणि मगच ‘शो’ने तो उघडायचा. ही मधली ओळ राहिली, तर फॉर्म बाहेर स्वतंत्र उघडतो आणि कुठलीही मांडणी त्याला लागू होत नाही. मुलं इथेच अडतात. मेनूच्या प्रत्येक आज्ञेत मांडणी लावणाऱ्या ‘लेआउट एमडीआय’ची एकच ओळ पुरते.

वाईहून :
मिनिमाइज केलेल्या विंडो फरशीत येत नाहीत, तळाशी पट्टी होऊन बसतात. “सर, एक विंडो गेली” अशी तक्रार आली, तर आधी तळाशी पाहायचं. या पट्ट्या ओळीत लावायला ‘अरेंज आयकॉन्स’ ही चौथी आज्ञा आहे. तिला ‘पट्ट्या ओळीत लावा’ पुरे.

तासगावहून :
मेनू असा ठरवला : पायरी मांडणी, एकाखाली एक, शेजारी शेजारी, पट्ट्या ओळीत लावा. सरावाला चार फॉर्म देतो.

सांगलीहून :
चार नको, तीन द्या. चार उघड्या असल्या की दोन्ही आज्ञांनी दोन बाय दोनचा चौकोनच होतो आणि एकाखाली एक कुठलं, शेजारी शेजारी कुठलं, हे कळत नाही.