मदत हवी आहे : परत पाठवायच्या स्क्वाड्रनमधून चांगले वैमानिक आधी काढून घ्यावेत का?

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धातील पॅसिफिक आघाडीवरच्या 'वॉर इन द पॅसिफिक : ॲडमिरल्स एडिशन' या संगणक खेळाचा मोठा डाव मी सांगलीतून आणि माझे एक स्नेही कराडहून, असा ईमेलवर खेळत आहोत. एक चाल म्हणजे युद्धाचा एक दिवस. जपान त्यांच्याकडे आहे, दोस्त राष्ट्रे माझ्याकडे. डाव जून 1942 च्या अखेरीस आला आहे. रंगून प्रत्यक्षात 8 मार्चला पडले, माझ्या हातून ते त्याच्याही दहा दिवस आधी गेले. आता माझी सगळी भिस्त कलकत्ता, चितगाव आणि आसामातील दिंजान येथील विमानांवर आहे.

मी दिवसभर मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर उधारीच्या तारखा सांभाळतो. या खेळात काही तुकड्या आणि जहाजे ठरलेल्या तारखेला आघाडीवरून परत पाठवावी लागतात. त्याच सवयीने अशा तुकड्यांचीही एक वही केली आहे, आणि तिच्यात जुलैच्या मध्यावर तीन नोंदी एकाखाली एक आल्या आहेत. मुदत उलटू द्यायचा माझा विचार नाही. एक ब्रिटिश जहाज उशिरा परत केल्यामुळे रोज राजकीय गुण (तुकड्या हलवण्यासाठी खर्चायचे खेळातले गुण) कापले गेले, आणि ज्या गुणांवर एक भारतीय डिव्हिजन आघाडीवर आणायची होती ते तसेच वाहून गेले. तो धडा एकदा पुरे.

त्या तीन नोंदींपैकी हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. सोळा विमानांची ही तुकडी मी तीन भागांत विभागून वरील तिन्ही तळांवर ठेवली होती. तिच्यात अनुभवाचे 70 च्या वर गुण असलेले सात वैमानिक आहेत, आणि तसे वैमानिक माझ्याकडे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर दुसरीकडे कुठेही नाहीत. तुकडी जाताना ते सातही जण तिच्याबरोबर जाणार. म्हणून मी त्यांना राखीव यादीत टाकून त्यांच्या जागी प्रशिक्षणातून नुकतेच आलेले वैमानिक भरायला सुरुवात केली. चौघांची अदलाबदल झाल्यावर मी हे स्नेह्यांना सहज बोलून दाखवले, तर त्यांनी स्पष्ट सांगितले की ही पळवाट आहे: लंडनने स्क्वाड्रन मागितली आणि तुम्ही नुसते टरफल पाठवता.

त्यांचे म्हणणे मला निम्मे पटते. अमेरिकेच्या दहाव्या हवाई दलाचे प्रमुख मेजर जनरल लुईस ब्रेरेटन जून 1942 मध्ये भारतातील जड बॉम्बफेकी विमाने घेऊन इजिप्तला गेले, कारण 21 जूनला लिबियातील टोब्रुक पडले होते आणि जर्मन सेनापती रोमेल पुढे सरकत होता. तेव्हा कोणी चांगली माणसे भारतात लपवून ठेवली नव्हती. दुसऱ्या बाजूला चीनमधील 'फ्लाइंग टायगर्स' ही अमेरिकी स्वयंसेवक वैमानिकांची तुकडी 4 जुलै 1942 रोजी बरखास्त झाली तेव्हा तिची विमाने अमेरिकी लष्कराच्या नव्या 23 व्या फायटर ग्रुपकडे गेली, आणि वैमानिकांपैकी फक्त पाच जण अमेरिकी लष्करी सेवेत शिरून तेथे राहिले. म्हणजे तुकडी, विमाने आणि माणसे यांच्या वाटा वेगळ्या होणे इतिहासाला अगदीच परके नाही. फक्त तेथे विमाने राहिली आणि माणसे गेली, मी नेमके उलटे करतो आहे.

ज्यांनी हा डाव दुसऱ्या खेळाडूबरोबर 1943 च्या पुढे नेला आहे त्यांनी याबाबत आपसात कोणता नियम ठरवला होता, आणि तीन भागांत विखुरलेली तुकडी मुदतीपूर्वी किती दिवस आधी गोळा करायला घेतली, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद :

आमच्या डावात असे ठरले होते की जाणाऱ्या तुकडीतून एक तृतीयांशापेक्षा जास्त वैमानिक काढायचे नाहीत आणि तिची विमाने बदलून जुनाट विमाने द्यायची नाहीत. चांगले वैमानिक प्रशिक्षक म्हणून मागे ठेवण्याची रीत खऱ्या हवाई दलांतही होती, त्यामुळे थोडी मुभा न्याय्य आहे, तुकडी पोकळ करणे नाही. गोळा करण्याचे काम मात्र आजच सुरू करा. तिन्ही भाग एकाच तळावर आल्याशिवाय एकत्र होत नाहीत, आणि जागा बदलताना नादुरुस्त विमाने मागेच राहतात. दिंजानला ऐन पावसाळ्यात दुरुस्ती रखडली तर तुमची मुदत तिथेच अडकेल.

मूळ प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. एक तृतीयांशाचा नियम कराडला कळवला आणि तो त्यांना मान्य आहे. सोळात पाच बसतात. चौघे आधीच निघाले आहेत, म्हणजे आता एकच नाव काढता येईल, आणि उरलेल्या तिघांपैकी ते कोणाचे असावे यावर काल रात्री माझा तासभर गेला. दिंजानच्या चार हरिकेनपैकी तीन नादुरुस्त आहेत. चौथे आजच्या चालीत कलकत्त्याला पाठवले आहे.