मिस्टर लेबनॉनला यूएन मिशनवर, फोन लागत नाही तेव्हा घरच्यांना काय सांगायचं?

गुहागरची_सून (ऑक्टोबर २०२४)
नमस्कार, माझे मिस्टर दक्षिण लेबनॉनला आहेत. आपली बटालियन १९९८ पासून तिथे आहे, आत्ताही ९०० च्या आसपास जवान आहेत, निळी टोपी घालून गस्त घालायची, लढायचं नाही, त्यामुळे जाताना आम्ही निर्धास्त होतो. आता सप्टेंबरअखेरपासून रोज बॉम्ब पडतायत. व्हॉट्सअॅपवर कॉल येतो, जरा बोलतात न बोलतात तोच "शेल्टरमध्ये जातो" म्हणून कट, मग कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत डबल टिक नाही. त्यात इकडे परतीचा पाऊस, लाइट गेली की टॉवरपण बंद, रेंजसाठी वर सड्यावर जावं लागतं. सासूबाई दिवसभर बातम्या लावून बसतात, जेवत नाहीत धड.

माजी_फौजी_सावंतवाडी
गो बाय, पहिला तो टीव्ही बंद कर, एकच क्लिप दिवसभर फिरवतात मेले. आम्ही ८७ साली श्रीलंकेत शांतिसेनेत होतो, पत्त्यावर नुसतं ५६ एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट, गावाचं नाव नाही, आणि आवशीक पत्र गावासर त्यातली खबर शिळी. काही झालंच तर युनिट घरी कळवतं. त्यांच्याकडे घरचा जो नंबर दिलाय तो चालू आहे ना ते बघ, लोक सिम बदलतात आणि कागदावर जुनाच राहतो.

दापोलीकरीण
माझा भाऊ साउथ सुदानला होता यूएनमध्येच. कॉलच्या मागे लागू नका, व्हॉइस मेसेज पाठवत राहा, त्याला रेंज आली की तो निवांत ऐकतो. आणि युद्धाचं विचारू नका, ते सांगत नाहीतच. घरचं सांगा, सुपारी किती उतरली, गाय व्यायली का, बांधावरून कोण भांडलं, भाऊ तेच परत परत ऐकायचा. अजून एक, लेबनॉन आत्ता आपल्या अडीच तास मागे आहे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे घेतात, मग साडेतीन तास होतील. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या दिवशी कॉल तासभर उशिरा आला म्हणून घाबरतील.

चिपळूण_एसटी
त्याने पाठवलेले फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकू नका प्लीज, कॅम्प कुठे, कोण कधी बाहेर जातं, काहीच नको. आमच्या ग्रुपवर एकाने टाकलेले, डिलीट करेपर्यंत मुंबईच्या चाकरमान्यांकडे पोचले.

गुहागरची_सून
थँक्यू सगळ्यांना. नंबर खरंच जुनाच होता, मिस्टरांना मेसेज टाकलाय बदलून घ्या म्हणून. सासूबाईंनी व्हॉइस मेसेज केला, निम्मा शेजाऱ्यांना शिव्या. आता त्यांचं चाललंय आमसुलं पाठवू म्हणून, तिकडे पार्सल जातं का कोणाला माहितीय?