क्लोरीन टाकूनही तरणतलावात शेवाळ का धरते?

प्रश्न: अलिबागच्या आमच्या घरातील तरणतलावात क्लोरीनच्या गोळ्या नियमित टाकूनही सावलीतल्या भिंतीवर, फरश्यांच्या सांध्यांत हिरवे शेवाळ पुन्हा धरते. काय करावे?

उत्तर: गोळ्या ट्रायक्लोरच्या (क्लोरीनचे एक संयुग) असतील, तर त्यांतून सायन्युरिक आम्ल (क्लोरीन उन्हात टिकवणारे रसायन) पाण्यात साठत जाते आणि त्याचे प्रमाण 100 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 100 भाग) वर गेले की क्लोरीन असूनही निष्प्रभ ठरते. आधी तपासणी करून घ्या. प्रमाण जास्त निघाल्यास काही पाणी उपसून ताजे भरणे हाच खात्रीचा उपाय आहे.

उत्तर: सहमत. त्यानंतर पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) 7.2 ते 7.4 वर आणावा, सांधे ब्रशने खरवडावेत आणि मगच संध्याकाळी द्रव क्लोरीन घालावे, कारण उन्हात ते लवकर नष्ट होते. पीएच कमी करण्यासाठी वापरायचे आम्ल आणि क्लोरीन कृपया कधीही एकत्र करू नका. विषारी वायू निघतो.

उत्तर: फिल्टर रात्रभर चालू ठेवा, मेलेले शेवाळ अडकून दाब वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलट दिशेने सोडून फिल्टर धुवा.