तर्री नेमकी कुठे पचते?

वर एका ताईंनी लिहिलंय की सावजी मटणाची तर्री, म्हणजे रश्श्यावरचा तिखट तेलाचा थर, जठरातल्या आम्लात जिरून जाते. थोडी भर घालते. आम्ल आणि पेप्सिन (जठरातलं पाचक विकर, म्हणजे एन्झाइम) काम करतात ते मुख्यतः मटणातल्या प्रथिनांवर. तेलाला ते फारसा हात लावत नाहीत. तेलाचं खरं पचन लहान आतड्यात होतं.

त्याच्या सुरुवातीच्या सुमारे २५ सेंटिमीटर भागात, म्हणजे आद्यांत्रात, चरबी पोचली की तिथल्या भिंतीतून एक संप्रेरक सुटतं. त्याने पित्ताशय आकसून पित्त सोडतं आणि जठराचं अन्न पुढे ढकलणं मंदावतं. नागपूरच्या महाल भागात रात्री दाबून जेवल्यावर पोट बराच वेळ जड राहतं, ते म्हणूनच.

आणि पित्तात पाचक विकर नसतंच! खरकट्या भांड्यावर साबण करतो तसं ते तेलाचे थेंब बारीक करतं, मग स्वादुपिंडातलं लायपेज हे विकर त्यांचं विघटन करतं.

ज्यांचं पित्ताशय काढलंय त्यांनी घाबरू नये. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात फक्त साठतं. आता ते आतड्यात थेंबथेंब उतरत राहतं, इतकंच. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की तर्रीपोहे जरूर खा, पण तर्री चमचा-दोन चमचेच घ्या.