परसात टिटवीची अंडी, काय करू?

कातळावरची: देवगडला आमच्या घरामागे जांभ्याच्या खपऱ्या पडल्यात, तिथे टिटवीने चार अंडी घातली आहेत. काडी नाही, पान नाही, नुसता खळगा! मातकट, काळ्या ठिपक्यांची; दोन हातांवरूनही दिसत नाहीत. आईची वाळवणं तिथेच असतात आणि पातेराही (वाळका पालापाचोळा) जाळायचाय. टोपलीत उचलून कुंपणापलीकडे ठेवू का?

माडाखालचा: अजिबात नको! जागा बदलली तर टिटवी अंडी सोडून देऊ शकते. शिवाय वन्यजीव कायद्याने (१९७२) अंडी हलवायला बंदी आहे. पातेरा दुसरीकडे ओढून न्या, वाळवणं अंगणात घाला. चार काठ्या रोवून ठेवा, म्हणजे कोणाचा पाय पडणार नाही. कुत्रा असेल तर बांधा.

खाडीकाठची ताई: साधारण चार आठवडे सांभाळा गो. अंड्यातून निघून पिल्लं सुकली की लगेच चालायला लागतात. भर उन्हात आईबाप पोटाची पिसं भिजवून आणतात नि अंडी गार ठेवतात, लांबून बघ.

कातळावरची: नाही हलवत. आईला टिटवीचं रात्रीचं ओरडणं अशुभ वाटायचं, पण आज तिनेच वाळवणं उचलली. काठ्या संध्याकाळी रोवते.