पीएफचा विक्रमी आकडा: नोकऱ्या वाढल्या म्हणायच्या का?

खाडीपट्टा: जून २०२५ मध्ये पीएफचे निव्वळ २१.८९ लाख सभासद वाढले. २०१८ पासून हे मासिक आकडे जाहीर होतात, त्यातला हा तोवरचा उच्चांक. तरी विरोधकांचं 'बेरोजगारी'चं पालुपद चालूच. खात्यात पैसे जमा झाल्याशिवाय नाव चढत नाही. आणखी काय पुरावा हवा?

तांडेल: आधी फोड करा. नवे १०.६२ लाख, पूर्वी सोडून पुन्हा आलेले सुमारे १६.९३ लाख, त्यातून गेलेले वजा. एमआयडीसीत ठेकेदार बदलला की त्याच गेटवर तीच माणसं नव्या ठेकेदाराच्या पीएफ कोडखाली चढतात. आणि २० कामगार झाले की पीएफ लागू. १९ जणांच्या काजू कारखान्यात विसावा आला की २० नावं एकदम येतात. वाढला किती? एक.

खाडीपट्टा: म्हणजे एक तरी वाढला! आणि उरलेल्या १९ जणांना मालकाचे १२ टक्के मिळायला लागले, ते वाईट झालं का?

तांडेल: झालं ते उत्तमच. फक्त त्याला वीस नव्या नोकऱ्या म्हणू नका.

चलनवाला: दोघांनीही हे लक्षात घ्या. हा आकडा तात्पुरता असतो. मालकाने महिन्याचं पीएफचं चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं; उशिरा भरणारे खूप, त्यामुळे मागचे महिने दर वेळी दुरुस्त होतात. सोडून गेल्याची तारीख तर बरेच मालक टाकतच नाहीत. माणूस पैसे काढायला जातो, क्लेम अडकतो, मग धावपळ. येणं लगेच मोजलं जातं, जाणं रेंगाळत.

आता दुसरी बाजू. त्याच जूनमध्ये सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणात बेरोजगारी ५.६ टक्के निघाली, एप्रिलमध्ये ५.१ होती. विरोधक हेच दाखवतात. पण तिथे आठवड्यात एक तास काम केलेलाही 'रोजगारात' धरतात. शिवाय मासिक आकडा फक्त देशपातळीचा. 'या महिन्यात रत्नागिरीत इतकी बेरोजगारी' असं कोणी भाषणात ठोकलं तर ते सोडून द्या.

मालवणी: आकडो मोठो, पण होडयेरचो खलाशी खंयच्या वहीत? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडये वर ओढलेले. आंब्याच्या बागेतलो राखणदारय तसोच, हंगाम संपलो की गावाक. ह्येंका ना पीएफ, ना चलन.

देवगडकर: म्हणूनच तर केंद्राने विकसित भारत रोजगार योजना आणली. पहिल्यांदा नोकरी लागलेल्याला १५ हजारांपर्यंत, मालकाला माणशी महिना ३ हजारांपर्यंत. जूनच्या उच्चांकामागे तीच आहे.

चलनवाला: तारखा बघा. योजना १ ऑगस्ट २०२५ पासूनच्या नोकऱ्यांना आहे. जूनचं श्रेय तिला कसं द्याल?

तांडेल: आणि आपल्या कोकणात ती लागू तरी कोणाला होणार? कामगाराला पहिला हप्ता ६ महिने टिकल्यावर, दुसरा १२ महिन्यांनी. मालकालाही ५० च्या आत माणसं असतील तर किमान २ जादा माणसं घेऊन ६ महिने ठेवावी लागतात. आमरस डबाबंद करायचं, म्हणजे कॅनिंगचं काम एप्रिल ते जून. जुलैत बॉयलर थंड, तोवर बायका भातलावणीला गेलेल्या. लोटे एमआयडीसीतल्या रसायन कारखान्याला योजना बसेल, आमरसवाल्याला नाही.

देवगडकर: मग हंगामी उद्योगांसाठी अट ३ महिन्यांवर आणा. दोन्ही पक्षांच्या लोकांनी मागायला काय हरकत आहे?

खाडीपट्टा: जरूर मागा. पण मग तेच कॅनिंगवाले पीएफच्या आकड्यात चढले की तांडेल म्हणणार, या कुठे नोकऱ्या, हा तर हंगाम!

तांडेल: म्हणणारच. ऑगस्टचा आकडा आला की त्यातले किती टिकले तेही विचारणार.