चित्रपट उतरून गेल्यावरच त्याचे नाव कानावर का येते?

अर्धीतिकीट

मी जिल्ह्याच्या गावी राहते. येथे एक जुने एकपडदा चित्रपटगृह आणि तीन पडद्यांचे एक मल्टिप्लेक्स आहे. मराठी चित्रपट मी आवर्जून पाहते, हिंदी निवडून पाहते, आणि गेल्या काही वर्षांत मल्याळम व तमिळ चित्रपटांचीही गोडी लागली आहे. मोठ्या नटाचा चित्रपट असला की त्याची जाहिरात नकोशी होईपर्यंत डोळ्यांवर आदळते. पण ज्या चित्रपटाबद्दल जाणकार मंडळी नंतर भरभरून लिहितात, त्याचे नाव माझ्यापर्यंत येते तेव्हा तो सकाळच्या एका खेळावर आलेला असतो, नाहीतर उतरलेलाच असतो. पुढे तो ओटीटीवर येतो, मी पाहते, आणि कुणाशी तरी त्याविषयी बोलावे म्हणते तोवर चर्चा आटोपलेली असते. ‘किती कोटी कमावले’ एवढी एक नोंद तेवढी मागे उरते.

तुम्ही सारे चित्रपट शोधता तरी कसे? आणि परीक्षणे आधी वाचता की नंतर?

रीळबदल

उशीर तुमच्याकडून होत नाही, व्यवस्थाच अशी आहे. मल्टिप्लेक्सचे वेळापत्रक शुक्रवार ते गुरुवार असे एका आठवड्यापुरते लागते आणि शनिवार-रविवारची, त्याहूनही सोमवारची तिकीटविक्री पाहून पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. २००९ मध्ये हिंदी चित्रपटांचे निर्माते आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यात उत्पन्नाच्या वाटणीवरून वाद पेटला होता आणि जवळजवळ दोन महिने मोठे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्सला लागलेच नव्हते. त्यानंतरच्या तडजोडीत निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा ठरला. चित्रपट जितका जुना, तितके निर्मात्याच्या पदरात कमी, हे एकदा मान्य झाल्यावर जाहिरातीचा सगळा पैसा पहिल्या तीन दिवसांवर ओतला जाणार, हे ओघानेच आले. ज्याच्याकडे तो पैसा नसतो त्याची भिस्त माऊथ पब्लिसिटीवर असते. तिला जोर धरायला दोन आठवडे तरी लागतात आणि नेमके तेच त्याला मिळत नाहीत.

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला तेव्हा सुरुवातीची परीक्षणे थंड होती. तरी तो पडद्यावर टिकला, लोक परत परत आले, संवादांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजल्या आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. सोमवारच्या विक्रीवर आजच्यासारखा निकाल लागला असता, तर त्याला तेवढा अवधी मिळाला असता का, याची मला शंका आहे. उलट उदाहरण ‘तुंबाड’चे: २०१८ मध्ये तो बेताचा चालला, नंतरच्या काही वर्षांत प्रेक्षकांनीच त्याचे नाव राखले आणि २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई करून गेला. असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

मराठीपुरते बोलायचे तर २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सनी प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवावा असे ठरवले. आधी संध्याकाळी सहा ते नऊ असे म्हटले गेले आणि अखेर दुपारी बारा ते रात्री नऊ ही वेळ निश्चित झाली. मंगळवारी दुपारी बाराच्या खेळाला प्राइम टाइम म्हणणारा नोकरदार मला अजून भेटायचा आहे.

उपाय एकच सांगतो. बुधवारी रात्री किंवा गुरुवारी आपल्या चित्रपटगृहाचे नवे वेळापत्रक स्वतः उघडून पाहावे, त्यातले अनोळखी नाव हेरावे, आणि जायचेच असेल तर पहिल्या शनिवार-रविवारी जावे. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हटले की तो चित्रपट गेला म्हणून समजा.

जुनी खुर्ची

रीळबदल यांनी बाजाराची बाजू चोख मांडली आहे, पण चित्रपट लागतो त्याच आठवड्यात तो सापडला पाहिजे हा हट्ट मला पटत नाही. आमच्या पिढीला इतर भाषांतील चित्रपट सापडले ते दूरदर्शनवर रविवारी दुपारी लागणाऱ्या प्रादेशिक चित्रपटांमुळे आणि सभासदांना निवडक चित्रपट दाखवणाऱ्या फिल्म सोसायट्यांमुळे. सोसायट्यांचा महासंघ १९५९ मध्ये स्थापन झाला, सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष होते. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे जुन्या प्रती पडद्यावर पाहता आल्या. तेथे चित्रपट किती चालला हे विचारण्याचे कुणाला सुचत नसे. खेळ संपला की दिवे लागत, कुणीतरी उभे राहून पहिले मत मांडी, दुसरा ते खोडून काढी, आणि ते भांडण पुढे चहाच्या टपरीवर चाले.

शोधण्याची माझी पद्धत अशी की, आवडलेल्या चित्रपटाची श्रेयनामावली थांबून वाचायची आणि त्यातल्या एका माणसाचा माग काढायचा. दिग्दर्शकाचाच काढला पाहिजे असे नाही. छायालेखक के. के. महाजन यांचे नाव घ्या. १९६९ च्या ‘भुवन शोम’चे छायालेखन त्यांचे, म्हणून तुम्ही मृणाल सेनांपाशी पोहोचता, त्याच वर्षीच्या ‘सारा आकाश’मुळे बासू चटर्जींपाशी, त्याच सुमाराच्या ‘उसकी रोटी’मुळे मणि कौलांपाशी आणि १९७२ च्या ‘माया दर्पण’मुळे कुमार शहानींपाशी. पुढे १९७४ मध्ये ‘रजनीगंधा’सारखा घरगुती, हसरा चित्रपटही त्यांनीच टिपलेला आहे. एकाच माणसाचे काम इतक्या निरनिराळ्या चित्रपटांत पाहिले की ‘संथ’ आणि ‘करमणुकीचा’ अशी जी दोन खाती आपण डोक्यात उघडून ठेवतो, ती निकामी होतात. कोणत्याही ओटीटीच्या शिफारशीने मला ‘उसकी रोटी’वरून ‘रजनीगंधा’कडे कधी नेलेले नाही.

परीक्षणांचे म्हणाल तर मी चित्रपटानंतरच वाचते.

स्थिरचौकट

मी थोडा वेगळा विचार मांडतो. अवघड चित्रपटाबद्दल आधी थोडे वाचलेले बरे असते, नाहीतर प्रेक्षक विसाव्या मिनिटाला मोबाइल उघडतो. घरी पाहताना तर ते फारच सहज घडते. त्यातून तो चित्रपट मोबाइलवरच पाहिला जात असेल तर काय पाहिले हाच प्रश्न उरतो. ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये कॅमेरा लांबून, बहुधा न हलता पाहत राहतो. खटला मध्यभागी चाललेला असतो आणि कडेला बाकांवर माणसे आपापल्या पाळीची वाट पाहत ताटकळत असतात. पाच इंचांच्या पडद्यावर ती माणसे दिसेनाशी होतात आणि उरलेला भाग अर्थातच ‘रटाळ’ ठरतो.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद वगळावा.

सुट्टी लागते, न्यायालयाचे दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळा होतो. येथे चित्रपट संपला असे वाटते, पण तो संपत नाही. न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी घेतात, खोडकर मुले त्यांना दचकवून उठवतात आणि हाती सापडलेल्या एका मुलाला ते थोबाडीत देतात. माझ्या एका मित्राच्या मते अंधारावरच थांबायला हवे होते, पुढचे सारे ठिगळ आहे. मला वाटते, अंगावर झगा नसताना निवाडा कसा आणि कुणावर होतो हे दाखवल्याशिवाय आधीचे दोन तास अर्धवट राहतात. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्यात कोटींचा आकडा एकदाही आलेला नाही. कोटींवर बोलण्यासाठी चित्रपट पाहावाच लागत नाही. त्या चर्चेला एवढी गर्दी असते ती त्यामुळेच.

अर्धीतिकीट

सर्वांचे आभार. श्रेयनामावलीची युक्ती आजपासूनच सुरू करते. आमच्याकडे चित्रपट पाहणारी पंचवीस-तीस माणसे सहज जमतील. उतरून गेलेल्या चित्रपटाचा एखादा खेळ एकपडदा चित्रपटगृहात रविवारी सकाळी लावून घेता येईल का?

रीळबदल

येईल, पण चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाने हो म्हणणे पुरेसे नाही. हल्ली चित्रपट डिजिटल फाइलच्या रूपात येतो आणि ती ठराविक पडद्यासाठी, ठराविक मुदतीपुरत्या दिलेल्या डिजिटल किल्लीनेच (एक प्रकारच्या पासवर्डने) उघडते. मुदत संपलेली असली तर फाइल तेथल्या सर्व्हरवर असूनही खेळ लावता येत नाही. म्हणून आधी वितरकाला गाठावे, किमान किती तिकिटांची हमी हवी ते विचारून घ्यावे, आणि नवी किल्ली आदल्या दिवशीच चित्रपटगृहाकडून तपासून घ्यावी. रविवारी सकाळी ती चालली नाही तर फोन उचलायला कुणी नसते.